हरिख

आमच्या मातुःश्रींच्या बोलण्यात 'आनंद' हा शब्द क्वचितच येई. माहेरचे माणूस आले, गाय व्याली, गाणगापुराहून कोणी प्रसाद आणला, की त्या म्हणत, "मला बाई मोठा हरिख झाला." गुलबर्ग्याच्या शाळेत जाणाऱ्या आम्हां भावंडांस तो शब्द गावंढळ वाटे. एकदा चार पाहुण्यांदेखत आम्ही त्यास हसलो. त्यानंतर तो शब्द त्यांनी आमच्यासमोर कधी उच्चारला नाही.

वस्तुतः शब्द गावंढळ नव्हताच. 'भाषा'ची जशी 'भाखा' झाली, तसा 'हर्षा'चा 'हरिख' झाला. 'हरखून जाणे' यात तो अद्याप नांदतो आहे. मूळ धातू 'हृष्', म्हणजे अंगावर काटा उभा राहणे. आल्हादात गारवा आहे, हर्षात काटा. आणि काटा तर भयानेही येतो. गीतेच्या प्रथमाध्यायात अर्जुनास रोमहर्ष होतो तो विषादाने. अकराव्यात विश्वरूप पाहून आपण हर्षलो असे तो म्हणतो, आणि त्याच श्लोकात मन भयाने व्याकूळ झाल्याचेही सांगतो. बाराव्यात भगवंतांस प्रिय असलेला भक्त हर्षापासून मुक्त आहे. शेवटी संजय मात्र पुनःपुन्हा हर्ष पावतो! शास्त्रीमंडळी याचा मेळ घालतीलच. आम्हांस आपला संजय जवळचा वाटतो.

आमच्या कानडी शेजारणी अशा प्रसंगी 'हिग्गु' म्हणत. हिग्गु म्हणजे फुलणे, फुगणे. मराठीत फुगतो तो रुसलेला किंवा गर्विष्ठ. कानडी माणूस आनंदाने फुगतो, हे आम्हांस फार आवडते. कोकणी बंधूंची 'खोस' फारशीतून आलेली, तीही गोडच.

मातुःश्री निवर्तल्यावर आम्ही गाणगापुरास गेलो. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान केले, निर्गुण पादुकांचे दर्शन घेतले आणि माध्यान्ही रीतीप्रमाणे पाच घरची माधुकरी मागण्यास निघालो. दत्तमहाराज त्या वेळी भिक्षेकऱ्याच्या वेषात फिरतात अशी तिथली श्रद्धा. तिसऱ्या दारी एका वृद्धेने भाकरीचा चतकोर झोळीत घातला, आमच्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाली, "हरिख झाला, बाबा."

अंगावर सरसरून काटा आला. काय बोलावे ते न सुचून झोळी तशीच पुढे धरून आम्ही उभे राहिलो. मागच्या यात्रेकरूने खांद्यास हात लावला, तेव्हा चौथ्या घराकडे वळलो.