पुन्हा एकदा चेंडू हाती

वयाच्या 54व्या वर्षी गृहस्थाने गुडघ्यांना तेल लावावे, सकाळी तापीच्या घाटापर्यंत चालून यावे आणि क्रिकेट दूरदर्शन संचावर पाहावे, असा आमच्या आळीतील सर्वमान्य प्रघात आहे. तो मोडून 2022च्या डिसेंबरात आम्ही बऱ्हाणपुरातील साखळी स्पर्धेत गोलंदाजी करण्यासाठी मैदानावर उतरलो. मध्ये 28 वर्षे लोटली होती. हे साहस आम्ही का केले, असे पुष्कळांनी विचारले आणि प्रत्येकाला आम्ही निरनिराळे उत्तर दिले. खरे उत्तर देण्याचे धैर्य आज होत आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची साखळी म्हणजे काही मोठा डामडौल नव्हे. मोहल्ल्यामोहल्ल्यांतील आठ संघ, प्रत्येकी 25 षटकांचे सामने, सिमेंटवर अंथरलेली मॅट आणि एका अंगाला केळीची बाग. चेंडू बागेत गेला की तो शोधण्यासाठी दोन्ही संघांचे खेळाडू एकोप्याने पानांत शिरत. आमच्या घरात मराठी, बाजारात हिंदी आणि माग खडखडतात त्या मोहल्ल्यात उर्दू. मैदानावर मात्र तिन्ही भाषांत एकाच वेळी अपील होई.

आम्ही लेगब्रेक टाकत असू. ज्या वाचकभगिनींना या विषयात गोडी नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. या प्रकारात चेंडूला मुख्य पीळ अनामिका आणि मनगट देतात. टप्पा पडल्यावर चेंडू उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाच्या पायांकडून बाहेरच्या बाजूस वळतो. त्याच हालचालीत मनगट अधिक फिरवून हाताची पाठ फलंदाजाकडे केली की तोच चेंडू उलटा आत येतो; ती गुगली. बोझँके नावाच्या इंग्रज खेळाडूने बिलियर्डच्या टेबलावर चेंडू फिरवण्याचा खेळ खेळता खेळता ती शोधली आणि 1900 साली सामन्यात वापरली. हे सारे साधायचे तर चेंडू हळू आणि उंच सोडावा लागतो. हिंदीत त्यास ‘हवा देना’ म्हणतात. हवा दिलेला चेंडू फलंदाजास पुढे ओढतो, तसाच तो सीमेपारही जातो. मार खाण्याची तयारी नसलेल्या माणसाने या वाटेस जाऊ नये.

आमच्या तारुण्यात या कलेला बरे दिवस आले ते नरेंद्र हिरवाणीमुळे. तो मध्य प्रदेशाकडून खेळणारा आणि आमच्याच वयाचा, म्हणून त्याच्याविषयी आम्हांस भाऊबंदकीचे प्रेम. जानेवारी 1988मध्ये मद्रासला पहिल्याच कसोटीत त्याने वेस्ट इंडीजचे 16 गडी 136 धावांत बाद केले. त्या सामन्यात किरण मोरेने सहा फलंदाजांना यष्टिचीत केले, हे मात्र लोक विसरतात. मोरे बडोद्याचा, म्हणजे आपल्यासारखाच महाराष्ट्राबाहेर वाढलेला मराठी माणूस. लेगब्रेक टाकणाऱ्याचे अर्धे श्रेय यष्ट्यांमागे उभ्या असणाऱ्या गड्याचे असते, असे आमचे ठाम मत आहे. कारण आमचेही तसेच होते.

आमचे यष्टिरक्षक यंत्रमागावर काम करीत. आम्ही त्यांना भाईजान म्हणत असू. रात्रपाळी संपवून, कानांत मागाचा खडखडाट घेऊन ते तसेच मैदानावर येत. आमची गुगली ओळखणारा साऱ्या गावात हा एकच मनुष्य. गुगली केव्हा टाकायची हेही तेच ठरवीत. त्यांनी टोपीच्या टोकाला हात लावला की पुढचा चेंडू गुगली, असा आमचा संकेत होता. सहा वर्षांत तो संकेत आम्ही एकदाच मोडला.

ती गोष्ट 1994 सालच्या हिवाळ्यातील. साखळीचा अखेरचा सामना, शेवटचे षटक, प्रतिपक्षास 11 धावा हव्या होत्या आणि चेंडू आमच्या हाती आला. आधीच्या षटकात आम्हांस एक उत्तुंग षटकार बसला होता. तो चेंडू केळीतून परत येईपर्यंत प्रेक्षकांनी आमची जी थट्टा केली, ती कानांत घुमत होती. भाईजानांनी टोपीला हात लावला. आम्ही पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. पुढच्या चेंडूलाही त्यांनी हात लावला. आम्ही पुन्हा मान खाली घातली आणि सपाट, वेगाने, पायांवर चेंडू टाकत राहिलो. त्या चेंडूंना ना पीळ होता, ना हवा. फलंदाजाने पाच चेंडूंत धावा पुऱ्या केल्या.

पुढच्या महिन्यात बँकेतून बदलीचा हुकूम आला. आम्ही बूट माळ्यावर टाकले. “नोकरीपायी खेळ सुटला,” असे आम्ही इतक्यांदा सांगितले की पुढे आम्हांलाही ते खरे वाटू लागले. विवाहानंतर सौभाग्यवतींनाही हाच इतिहास कथन केला. भाईजानांनी मात्र त्या षटकाबद्दल कधी एक अक्षर काढले नाही. सुटीत आलो की भेट होई, चहा होई, मुलाबाळांची विचारपूस होई. तो विषय मात्र निघत नसे.

गावोगावच्या बदल्या संपवून 2021मध्ये आम्ही बऱ्हाणपुरास परतलो. पुढल्या वर्षी 26 जूनला बंगळुरास मध्य प्रदेशाने मुंबईला सहा गडी राखून हरवले आणि रणजी करंडक प्रथमच जिंकला. होळकर संघाने तो चार वेळा जिंकला होता, परंतु ते संस्थानी वैभव फार जुने. आम्ही संचासमोर बसलो होतो. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांना अश्रू आवरेनात. याच मैदानावर 1999 साली ते मध्य प्रदेशाचे कर्णधार होते आणि पहिल्या डावात आघाडी घेऊनही कर्नाटकाविरुद्ध अंतिम सामना हरले होते. 23 वर्षे एक मनुष्य ती गोष्ट मनात वागवीत राहिला आणि त्याच ठिकाणी परत गेला. संच बंद झाल्यावरही आम्ही बराच वेळ तेथेच बसून राहिलो. मग उठून माळ्यावर चढलो.

बुटांचे तळ हाती आले. नवे बूट घ्यावे लागले. पांढरी विजार कमरेत चार बोटे कमी पडली, ती उसवता उसवता सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, गुडघ्यांना विचारलंत का?” आम्ही ऑस्ट्रेलियाच्या बॉब सिंप्सनचा दाखला दिला. 1968मध्ये कसोटी क्रिकेट सोडलेला हा गृहस्थ, संघातील बहुतेक मंडळी पॅकरच्या सामन्यांकडे गेल्यामुळे 1977-78च्या मोसमात भारताविरुद्ध कर्णधार म्हणून परतला, दोन शतके काढली आणि मालिका 3-2 अशी जिंकली. तोही लेगब्रेक टाकीत असे! सौभाग्यवतींनी शांतपणे विचारले, “त्याचं वय काय होतं?” आम्ही म्हणालो, “41.” त्यांनी सुईत दोरा ओवला आणि पुढे काही बोलल्या नाहीत.

सरावाचे पहिले दिवस आठवू नयेत असे गेले. काही चेंडू अर्ध्यावर पडले, काही फलंदाजाच्या डोक्यावरून गेले. खांदा रात्रभर ठणके. संघातील मुले आम्हांला ‘काका’ म्हणत आणि आमचे चेंडू आदबीने आणून देत. ती आदब मारापेक्षा अधिक लागे. पण तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी चेंडू हातातून सुटताना अनामिकेवर शिवण घासल्याची जुनी खूण पटली. आमच्या गावचा कुंडी भंडारा वाचकांनी ऐकला असेल. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळी, 1615च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपते पाणी भुयारातून शहराकडे आणले. शंभरावर कुंड्या त्या भुयारावर आहेत. वरून जाणाऱ्यास काहीच दिसत नाही. कुंडीत वाकून पाहावे तेव्हा कळते की पाणी वाहतेच आहे. मनगटाचेही तसेच असावे.

भाईजानांचे गुडघे मागाच्या कामाने कायमचे गेले आहेत. आता त्यांचे चिरंजीव यष्ट्यांमागे उभे राहतात आणि ते स्वतः लोकरी टोपी घालून धावफलक लिहिणाऱ्याशेजारी खुर्चीवर बसतात. पहिल्या सामन्यात आमच्या पहिल्याच षटकात 17 धावा गेल्या. चिरंजीव जवळ येऊन म्हणाले, “चाचा, हवा दो.” हा उपदेश त्यांना कोठून मिळाला असेल ते उघड होते.

आणि मग चौथ्या सामन्यात तीच वेळ आली. शेवटचे षटक, आठ धावा हव्यात, त्यांचे दोन गडी शिल्लक. इतर गोलंदाजांची षटके संपलेली. आमच्या तरुण कर्णधाराने नाइलाजाने चेंडू आमच्या हाती दिला. पहिला लेगब्रेक आम्ही उंच सोडला आणि फलंदाजाने तो केळीच्या बागेत पाठवला. आता पाच चेंडूंत दोन धावा. चेंडूचा शोध सुरू असताना कर्णधार धावत आला. “काका, सपाट टाका. पायांवर.” त्याचे काही चुकत नव्हते.

त्या दोन-तीन मिनिटांत आमच्या छातीत जे धडधडले, ते बँकेच्या तपासणीच्या वेळीही कधी धडधडले नव्हते. थट्टाही तीच, बागही तीच. नकळत दृष्टी धावफलकाकडे गेली. भाईजान खुर्चीत पुढे वाकून बसले होते आणि त्यांचा हात लोकरी टोपीला लागलेला होता. थंडीमुळे ते टोपी सारखी करीत असतील, असेही म्हणता आले असते. पण 28 वर्षांपूर्वी आम्ही असेच काहीसे म्हणालो होतो.

आम्ही गुगली टाकली. पहिल्या चेंडूपेक्षाही उंच. फलंदाज दोन पावले पुढे आला, चेंडू टप्पा पडून आत वळला, बॅट आणि पॅड यांच्यामधून गेला आणि चिरंजीवांनी बेल्स उडवल्या. क्षणभर कोणीच ओरडले नाही. मग तिन्ही भाषा एकदम उसळल्या.

सामना आम्ही जिंकलो, असे लिहिण्याचा मोह होतो. परंतु तसे घडले नाही. अखेरच्या फलंदाजाने पुढच्याच चेंडूवर आंधळी बॅट फिरवली, कड लागून चेंडू स्लिपच्या डोक्यावरून सीमेपार गेला आणि एक गडी राखून ते विजयी झाले. कर्णधार काही वेळ आमच्याकडे पाहीना. आम्ही त्यास दोष देत नाही. सपाट चेंडू टाकले असते तर कदाचित सामना वाचलाही असता.

मैदानाबाहेर आलो तेव्हा भाईजानांनी कागदातील मावा जलेबी पुढे केली. ती अजून गरम होती. एक तुकडा तोडून ते म्हणाले, “मियाँ, यह गेंद उसी दिन डालनी थी.” आणि हसले. आम्ही म्हणालो, “उस दिन डर गया था.” ते म्हणाले, “मालूम है.” एवढेच. दुसरी जलेबी घेऊन आम्ही त्यांच्या शेजारी बसलो.

त्या रात्री खांद्याला शेक घेताना सौभाग्यवतींना सारे सांगून टाकले. खेळ नोकरीपायी सुटला नव्हता. भीतीपोटी सोडला होता. त्यांनी पिशवी दुसऱ्या बाजूस फिरवली, क्षणभर थांबल्या आणि विचारले, “मग पुढचा सामना कधी आहे?”

रविवारी होता.