पॉलिशचा हात

जेवणाच्या टेबलावरचं जाड प्लास्टिक वीस वर्षांनी उचललं, तेव्हा ते चर्रकन सुटलं आणि जाताना पॉलिशचे दोन-तीन पापुद्रे सोबत घेऊन गेलं. पुण्यातल्या जुन्या पेठेतलं घर. टेबल घरच्या सुनेच्या आजेसासऱ्यांनी करवून घेतलेलं, सागवानी, सहा माणसांचं. प्लास्टिकखाली पातेल्यांची पांढरी वर्तुळं निघाली, कडेला शेवयांचं यंत्र आवळून बसवल्याचा वण आणि मधोमध एक काळाकुट्ट डाग.

"रंधा मारा, नाहीतर वरून सनमायका चिकटवा," असं दोघातिघांनी सुचवलं. सुनेने ऐकलं नाही, हे फार बरं झालं.

पॉलिशवाले काका आले ते दसरा झाल्यावर. पावसाळ्यात ते या कामाला हातच लावत नाहीत. दमट हवेत पॉलिश वाळता वाळता बाष्प धरतं आणि पांढरं पडतं. आल्याबरोबर त्यांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून टेबलाच्या एका कोपऱ्यावर टेकवला. थोड्याच वेळात तिथलं पॉलिश बोटाला चिकटायला लागलं. "चपडा आहे, ताई. काम होईल."

त्या दोन वाक्यांत सगळं आलं. मेलामाइन किंवा पीयू पॉलिश स्पिरिटला दाद देत नाही. ते बिघडलं की खरवडण्यावाचून इलाज नसतो. चपड्याचा नवा हात मात्र जुन्या हातात विरघळतो आणि दोन्ही मिळून एकच थर होतो. नातवाच्या काळातलं पॉलिश आजोबांच्या काळातल्या पॉलिशमध्ये असं मुरतं, ही या पदार्थाची खरी श्रीमंती आहे.

चपडा म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुंब या झाडांच्या फांद्यांवर बसणारा एक इवला किडा स्वतःभोवती जे राळेचं कवच करतो, ते खरवडून, वितळवून, पातळ पत्रे काढून चपडा होतो. या एका किड्यासाठी रांचीजवळ नामकुमला 1924 साली संशोधन संस्था उभी राहिली. बालगंधर्वांची पदं ज्या 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवर घरोघरी पोचली, त्या तबकड्यांतही हीच लाख होती.

पांढरी वर्तुळं लाकडात नव्हतीच. गरम पातेल्याच्या वाफेने पॉलिशमध्ये ओल अडकलेली. स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेलं फडकं वरून अलगद फिरवलं आणि बहुतेक विरून गेली. काळा डाग हट्टी. तिथे आजेसासूबाईंचा पानाचा डबा असायचा आणि ओला अडकित्ता तसाच टेबलावर राहायचा. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन पाण्याच्या साक्षीने भेटलं की असा डाग आतवर उतरतो. तेवढ्या भागावरचं पॉलिश काकांनी काचेच्या तुकड्याच्या धारेने खरवडलं, हातमोजे घालून ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी लावलं आणि नंतर स्वच्छ धुऊन दोन दिवस वाळू दिलं. डाग चहाच्या रंगावर आला. मग काचपेपर, 120, 180, 220, रेषेच्या दिशेनेच. आडवा हात मारला तर ओरखडे पॉलिश चढल्यावर उठून दिसतात, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

शेवयांच्या यंत्राच्या वणावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली. दबलेलं लाकूड वाफ पिऊन फुगलं, खळगा भरत आला. पण यंत्राच्या जबड्याने जिथे तंतूच तुटले होते, तिथली बारीक चंद्रकोर तशीच राहिली. तुटलेला तंतू फुगून काय करणार?

चपडा रात्रभर भिजत होता, लिटरभर स्पिरिटमध्ये 200 ग्रॅम. सकाळी तो मलमलीतून गाळला. कापसाच्या गोळ्यावर जुन्या धोतराचा मऊ तुकडा आवळून काकांनी पोटली केली, तिला जवसाच्या तेलाचा एक थेंब लावला आणि हात फिरू लागला: गोल गोल, मग इंग्रजी आठासारखा, मग लांब सरळ. पोटली कुठेही थांबली नाही. थांबली की खालचं पॉलिश उचकटतं. म्हणून ती टेबलाबाहेरून चालतीच आत यायची आणि चालतीच बाहेर पडायची. चौथ्या दिवशी सागाच्या रेषा पाण्याखालच्या वाळूसारख्या दिसायला लागल्या.

"आठ दिवस गरम काही ठेवायचं नाही," काकांनी बजावलं. तेवढे दिवस घरातली सगळी माणसं टेबलाशेजारी जमिनीवर पाट मांडून जेवली. प्लास्टिक सुनेने पहिल्याच दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं.