महाबळेश्वरला जायचंय? मग माणदेशातून जा!

उन्हाने जीव नकोसा झाला, की आपल्या सोलापुरात घरोघरी महाबळेश्वरचा विषय निघतो. हल्ली गाडी दारात असते, चालवणारेही घरचेच. मग बेत ठरतो : रात्री जेवून निघायचे, हमरस्त्याने सुसाट जायचे आणि उजाडता पोहोचायचे. मैत्रिणींनो, यंदा या बेतात जरा मोडता घालाच!

पंढरपूर, म्हसवड, दहिवडी, सातारा असा रस्ता धरा. तोही दिवसा, आणि वाटेत एक मुक्काम करून. अंतर सारे पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, "त्याला मुक्काम कशाला?" असे घरातून विचारतीलच. बघायला, म्हणावे!

पंढरपूरच्या आसपास भीमाकाठचा ऊस दिसतो. पिलीव मागे पडले, की हिरवा रंग आटू लागतो. उघडे माळ, बाभळी, मेंढरांचे कळप, बोडक्या टेकड्या. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला हाच तो माणदेश. इथे वर्षाला पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. आणि महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या पुढे! दहिवडीपासून महाबळेश्वर सव्वाशे किलोमीटरसुद्धा नसेल. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडून वर चढतात, गार होतात आणि तिथेच रिते होतात. अलीकडे येतो तो कोरडा वारा. मुलांच्या पुस्तकातली 'पर्जन्यछाया' ती हीच. आणि त्याच सह्याद्रीच्या पुण्याकडच्या अंगाला पडलेला पाऊस भीमेतून उजनीत येतो, तिथून आपल्या नळाला. नळाची वेळ सांभाळण्यात जिचा निम्मा जन्म जातो, तिने हा मुलूख झोपेत का ओलांडावा? मधेच एखादे हिरवेगार शिवार दिसले तर मुलांना दाखवा. उरमोडीचे पाणी आता उपसून माणमध्ये आणले आहे.

मुक्कामाला गोंदवले बरे. महाराजांच्या समाधीमंदिरात प्रसाद मिळतो, भक्तनिवास आहे. आधी चौकशी करून ठेवा म्हणजे झाले.

जाण्याला दिवाळीची सुट्टी उत्तम. मे महिन्यातच जायचे तर पहाटे पाचला घर सोडा. आषाढी-कार्तिकीच्या गर्दीत मात्र पंढरपूरच्या वाटेला जाऊ नका. डबा साधाच हवा : कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. पुऱ्या तळत आदली रात्र घालवायची काही गरज नाही. आणि एक नाजूक गोष्ट. वाटेत सोय नसते म्हणून आपण बायका पाणीच पीत नाही. असे करू नका हो, त्या उन्हात चक्कर येते! पंढरपूर, म्हसवड, गोंदवले इथे गाडी थांबवायची, हे निघतानाच ठरवून घ्या.

तुम्हाला गाडी येते ना? मग म्हसवड ते दहिवडीचा पट्टा तुम्ही चालवा. "तू राहू दे" म्हणतील; म्हणू देत. पुसेगावच्या पुढे वर्धनगडचा घाट लागतो. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची आणि उतारावर खालच्या गिअरमध्ये उतरायचे. सतत ब्रेक दाबून ठेवले तर ते तापतात. साताऱ्याहून मेढ्याच्या रस्त्याने वर चढू लागलात, की काचा खाली करा. हवेतला ओलावा आधी नाकालाच कळतो. मागे बसणाऱ्यांना वळणावर मळमळते, त्यांच्यासाठी आल्याच्या वड्या हाताशी असू द्या.

साताऱ्याचे कंदी पेढे मात्र परतीच्या वाटेवर घ्या. जाताना घेतलेत तर घरी पोहोचायचे नाहीत!