केबिनमधला धूर

मालमोटार बाळगणे हे बैलजोडी बाळगण्यासारखेच आहे. फरक इतकाच, की बैल आजारी पडला म्हणजे वैरण सोडतो, मान खाली घालतो, आणि घरधन्याच्या ते ध्यानात येते. मोटार आजारी असूनही धावत राहते. त्यातही धुराच्या नळीचे दुखणे, जिला आपण पुढून मागेपर्यंत सरसकट सायलेन्सरच म्हणतो, असे आहे की त्यामुळे गाडी सहसा थांबत नाही, नुसती ओरडते. ओरडणाऱ्या गाडीची कानांस फार लवकर सवय होते. म्हणूनच आमच्या बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागातील कितीतरी जुन्या गाड्या फटफटत धावताना दिसतात, आणि मालकाचे उत्तर ठरलेले असते, "हंगाम संपू द्या, मग पाहू."

हंगाम म्हणजे काय, हे येथील वाचकांस सांगावयास नको. भालकी, हुमनाबाद, आळंद या बाजूस दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की गाड्या कारखान्याच्या दारापुढे रांगेत लागतात. पुढे तूर निघाली की कलबुर्गीच्या बाजारपेठेची फेरी, आणि मधल्या रिकाम्या दिवसांत शहाबादी फरशी. एका जुन्या सहाचाकी गाडीवर जगणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबाचे वर्ष या तीन मालांवर निघते. गाडी आठवडाभर उभी राहिली तर हप्ता चुकतो आणि मुलांची फी अडते.

गेल्या आगमनकाळातील एका शनिवारी संध्याकाळी गाडी घरी आली. क्लीनर पोराने ताटास हात लावला नाही. आईने विचारले, "का रे बाळा, ताप आहे का?" तो म्हणाला, "ताप नाही, आजी. केबिनमध्ये बसलं की डोकं जड होतं, मळमळतं. बाहेर हवेत आलो की बरं वाटतं." चालकाने त्यास दुजोरा दिला. त्यालाही तसेच होत होते, पण तो ते जागरणावर ढकलीत होता.

येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. इंधन जळताना जो कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो, त्यास रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूला धरते, त्याहून दोनशेपटींपेक्षा अधिक जोराने ते या वायूला धरते. मग प्राणवायूला जागाच उरत नाही. डोके जड होणे, मळमळणे, झापड येणे ही त्याची लक्षणे होत, आणि ती थकव्यासारखी दिसत असल्यामुळे माणूस फसतो. डिझेलच्या इंजिनातून हा वायू पेट्रोलच्या मानाने कमी निघतो, हे खरे. परंतु डिसेंबरच्या थंडीत काचा वर करून, कारखान्याच्या रांगेत रात्रभर, दर थोड्या वेळाने गाडी चालू करून चार हात पुढे घेणाऱ्या माणसास त्या 'कमी'चा आधार कितीसा? त्याखेरीज डिझेलचा धूर हा कर्करोग करणारा आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली निश्चितपणे जाहीर केले आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात चुलीच्या धुराचा आणि वाहनांच्या धुराचा उल्लेख एकाच परिच्छेदात केला आहे. चुलीचा धूर आमच्या माताभगिनींनी पिढ्यान्पिढ्या गिळला. आता केबिनमधला धूर परक्याच्या पोराने का गिळावा?

तेव्हा प्रश्न आवाजाचा नव्हता, जागेचा होता. मागे मालाच्या हौद्याखाली नळी फुटली तर आवाज मोठा होतो, पण धूर बहुतेक वाऱ्यावर जातो. पुढे, इंजिनाच्या मॅनिफोल्डपाशी, म्हणजे केबिनच्या बुडाशी फट पडली तर आवाज कधी कधी नुसता फुसफुस इतकाच असतो, आणि धूर मात्र पायांपाशी वर येतो. गॅरेजात नळी आणि सायलेन्सर समूळ बदलण्याचा जो आकडा आम्हांस सांगण्यात आला, तो दोन खेपांतून निघणारा नव्हता. म्हणून काम घरीच करण्याचे ठरले आणि त्याच रात्री गंजलेल्या नटांवर डिझेल व जुने ऑइल यांचे मिश्रण सोडून ठेवले.

अडचण एकच होती. गाडी सोमवारी पहाटे निघणार, म्हणजे हाती दिवस रविवारचा. आईस ते रुचेना. ख्रिस्तयाग आटोपल्यावर तिने दारातच धर्मगुरूंस गाठून विचारले. त्यांनी तिला विहिरीत पडलेल्या बैलाची शुभवर्तमानातील गोष्ट आठवण्यास सांगितले, आणि विचारले, "पोरगा उद्या रात्री कोठे निजणार?" आई घरी येऊन काही बोलली नाही, तिने वापरलेल्या तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा आमच्यापुढे आणून ठेवला.

गाडी उघड्या अंगणात घेतली. चाकांस पुढून-मागून दगड लावले, हातब्रेक ओढला. बंद शेडमध्ये धुराचे काम करू नये आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी शिरू नये, या दोन गोष्टींत काटकसर नाही. नळी थंड असतानाच सांध्यांवर साबणाचे पाणी लावले आणि इंजिन चालू केले. मॅनिफोल्डच्या सांध्यावर बुडबुडे फुलले. आजूबाजूस काजळीचे काळे ओघळ होतेच. दुसरे छिद्र सायलेन्सरच्या अलीकडे, गंजाने पडलेले, करंगळी जाईल एवढे.

(आमच्याकडे प्रार्थना मराठीत, बाजार कन्नडमध्ये आणि गाडीखालचे काम दखनीत चालते. "उस्ताद, चौदा का पाना देव" ही भाषा कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत, पण तिच्यावाचून येथे एक नट सुटत नाही.)

मॅनिफोल्डचे पॅकिंग जळून तुकडे झाले होते. जुन्या गाड्यांतील अशा पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो आणि त्याचे तंतू छातीत गेले की परत निघत नाहीत. म्हणून ते कोरडे खरवडू नये, फुंकून उडवू नये. पाण्याने भिजवून, नाकास फडके बांधून काढावे. सांध्याला गुंडाळावयाची अॅस्बेस्टॉसची दोरी कोणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नये. आम्ही धातूच्या पत्र्याचे नवे पॅकिंग आणले. दोन्ही तोंडे तारेच्या ब्रशाने व कानशीने साफ केली, पॅकिंग बसविले आणि नट एकदम न आवळता थोडे या बाजूचे, थोडे त्या बाजूचे असे आवळीत गेलो. गाडी तापून पुन्हा निवाल्यावर एकदा परत आवळले. हे दुसऱ्यांदा आवळणे पुष्कळजण विसरतात आणि मग पॅकिंगला नावे ठेवतात.

गंजाच्या छिद्रासाठी आईच्या डब्याचा पत्रा कामी आला. नळी घासून तिच्यावर सायलेन्सरची उष्णतेस टिकणारी पुटी लावली, वर पत्रा दोनदा गुंडाळला आणि दोन्ही टोकांस क्लॅम्प आवळले. एम-सील येथे चालत नाही. नळीच्या उष्णतेपुढे ते टिकत नाही. सिमेंट लिंपणारेही आम्ही पाहिले आहेत. सेडमचे सिमेंट घरे बांधण्यास उत्तम. धावत्या गाडीच्या हादऱ्याने ते तडकते. हा पत्रा म्हणजेसुद्धा केवळ ठिगळ होय, त्यावर हंगामापुरताच भरवसा ठेवावा.

तिसरे काम सर्वांत स्वस्त आणि आमच्या मते सर्वांत मोलाचे. गिअरच्या दांड्याभोवतीचे रबर फाटलेले होते, आणि पेडलपाशी केबिनच्या पत्र्यास दोन भोके होती. धूर वर येण्याच्या वाटा त्याच. टायरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून क्लीनर पोराने स्वतः त्या बुजविल्या. १९५५ साली पोप पायस बारावे यांनी १ मे हा दिवस कामगार संत योसेफ यांचा सण म्हणून नेमून दिला. नाझरेथच्या त्या सुताराच्या हाताखाली बसलेला मुलगा असाच जीभ दातांत धरून काम करीत असेल, असे आम्हांस त्या वेळी वाटून गेले.

ज्यांचे मॅनिफोल्डच तडकले आहे त्यांनी मात्र घरी खटपट करू नये. ते बिडाचे असते. साधे वेल्डिंग त्यावर टिकत नाही, बिडाचे काम जाणणारा कारागीर शोधावा. कोणतेही वेल्डिंग गाडीवरच करावयाचे झाल्यास आधी बॅटरीची तार सोडावी, आणि डिझेलच्या टाकीपासून ठिणगी दूर राखावी. १ एप्रिल २०२० पासून देशभर ज्या 'भारत स्टेज सहा' गाड्या येऊ लागल्या, त्यांच्या धुराच्या नळीत संवेदक व धूर शुद्ध करणारी यंत्रणा असते. तेथे डब्याचा पत्रा घेऊन जाऊ नये. आमची गाडी जुनी म्हणून आमच्या हाती आली.

सर्व मिळून पाचशेची नोट पुरली, आणि तीतून चहाचे पैसेही निघाले. सोमवारी पहाटे गाडी गेली. काचा दोन बोटे उघड्या ठेवूनच निजावे आणि निजताना इंजिन बंद करावे, असे आईने दोघांकडून वदवून घेतले. बुधवारी पोरगा आला तो दोन भाकऱ्या खाऊन तिसरी मागू लागला. नवी नळी उन्हाळ्यात, तुरीचे पैसे आले म्हणजे, घालावयाची आहे. तिच्यासाठी आईने आतापासूनच देव्हाऱ्याच्या मागे वेगळी पुरचुंडी बांधली आहे आणि तीस कोणी हात लावावयाचा नाही.