परतीची तरतूद

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात न्यू रिव्हरच्या काठाने एके काळी आगगाड्या धावत. १९८६ मध्ये रेल्वे कंपनीने तो मार्ग राज्याला दान दिला. रूळ निघाले आणि ५७ मैलांची, म्हणजे सुमारे ९२ किलोमीटरांची वाट पादचारी, सायकलस्वार व घोडेस्वारांना खुली झाली.

तेथे एक दिवस घोड्यावरून घालविण्याचा बेत एका बाप-लेकीने मांडला. लेकीचे मन फ्राइज जंक्शनच्या १,०८९ फूट लांब पुलावर जडलेले. वडिलांसमोर मात्र बावीस वर्षांची घरची घोडी होती. रक्ततपासणीचा दाखला तयार होता. त्याविना उद्यानात घोडा नेता येत नाही. प्रश्न अंतराचा होता. फॉस्टर फॉल्सपासून पूल पंचवीसेक किलोमीटर. साध्या चालीने घोडा ताशी सहा किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन आठ तासांहून अधिक. आगगाडीला चढ मानवत नाही, म्हणून वाट जवळजवळ सपाट. त्यामुळे स्वाराला अंतर जाणवत नाही, घोडीच्या पायांना जाणवते. शिवाय गेलेले प्रत्येक पाऊल ही उचल. सायंकाळपर्यंत ती फेडावीच लागते. पेढीवरच्या माणसाला हे सांगावे लागत नाही, उत्साही तरुणाला लागते!

लेक रुसली. रात्री मात्र तिनेच नकाशा पुन्हा उघडला, पुलावर पेन्सिलीने काट मारली आणि जवळच्याच जुन्या शॉट टॉवरभोवती वर्तुळ काढले. खाली लिहिले: ‘दोन तासांनी परत. दर तासाला घोडीला पाणी.’