बटन दाबलं की पडते, पण

हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गाला मिऱ्या-नागपूर रस्ता मिळतो, म्हणून चाकांवरचे धंदेही इथेच थांबतात. चायनीजचे टेम्पो, जनरेटरवर फ्रीज चालवणाऱ्या गाड्या. मी त्यांचं वायरिंग करतो, तेव्हा मालकाचं वाक्य ठरलेलं असतं, “एलसीबी बसवलीय, बटन दाबलं की पडते.”

पडते, हे खरंच. पण ते बटन ईएलसीबीच्या, म्हणजे करंटची गळती झाली की लाइन तोडणाऱ्या त्या स्विचच्या, पोटातच, कॉइलला वळसा घालून, फेज आणि न्यूट्रलमध्ये एक रेझिस्टन्स जोडतं. आतला खटका चालतो एवढंच त्यातून कळतं. बाहेर अर्थिंगची तार तुटलेली असली तरी बटनाला पत्ता लागत नाही.

खरा घात जनरेटरवर होतो. बऱ्याच छोट्या जनरेटरांत न्यूट्रल बॉडीला जोडलेलं नसतं. अशा गाडीत फ्रायरच्या कॉइलमधून न्यूट्रल पत्र्याला लागलं, तर काहीच घडत नाही, कुणाला समजतही नाही. मग एखाद्या दिवशी मिक्सरची सोललेली वायर हाताला लागते. करंट माणसातून पत्र्यात उतरतो आणि पत्र्यातून ईएलसीबीच्या पुढच्याच न्यूट्रलमध्ये परततो. गेला तेवढा आला, मग ईएलसीबीला गळती दिसणार कुठून? म्हणून न्यूट्रल आणि बॉडीची जोड मी जनरेटरपाशी, ईएलसीबीच्या आधी घेतो. आणि गाडी महावितरणच्या लाइनवर आली की ती जोड सुटेल असा चेंजओव्हर लावतो.

लाइनवर असताना जमिनीचं दुखणं निराळं. कातळात रॉड पुरेसा उतरत नाही. अर्थिंग २०० ओहम निघालं, तर फेज पत्र्याला लागूनही २३० व्होल्टला जेमतेम १.१५ अँपिअर करंट वाहतो. १६ अँपिअरची एमसीबी त्याने हलत नाही, पत्र्यात करंट तसाच राहतो. ३० मिलिअँपिअरच्या ईएलसीबीला मात्र तेवढा पुष्कळ झाला. कातळावर सगळी भिस्त तिच्यावरच.

आणि तिलाच आपण रोज खड्ड्यांतून हादरवत नेतो. स्क्रू ढिले होतात. न्यूट्रल सुटलं की इलेक्ट्रॉनिक जातीची ईएलसीबी मुकाट निकामी होते, फेज मात्र चालू. म्हणून गाडीत मी ती जात बसवत नाही. पावसाळ्यात सारखी पडते म्हणून ईएलसीबी बायपास करून घेणारेही भेटतात, तेव्हा माझा संताप होतो. ओल पत्र्यापर्यंत पोचलीय, हे ती सांगत असते.

गाडीवाल्यांनो, जागा किंवा जनरेटर बदललात की बटन दाबाच, पण सॉकेटमध्ये टेस्टर लावून फेजमधून अर्थमध्ये ३० मिलिअँपिअर सोडायला वायरमनला सांगा. ३०० मिलिसेकंदांच्या आत ती पडली नाही, तर त्या दिवशी धंदा लावू नका.