आवाज कमी, अंतर तेवढंच

मैफलीच्या वाद्याचा आवाज दूरवर पोचावा असं आपण मानतो. पण रियाजाच्या वाद्याचा आवाज पोचावा तरी कुठवर? संगीतकार व्हिला-लोबोसच्या पहिल्या गिटार-एत्यूदमध्ये (सरावाच्या रचनेत) उजव्या हाताची एकच चाल जवळजवळ शेवटापर्यंत घोळत राहते. ती बोटांत मुरवायची म्हणजे रात्री दहानंतरही घोटत बसायचं, आणि भिंतीपलीकडच्या माणसाने त्यात काय म्हणून भाग घ्यावा? ही अडचण जुनीच. अठराव्या शतकातल्या जर्मनीत ऑर्गनला हवा भरायला भाता हलवणारा माणूस लागे. म्हणून ऑर्गनवादक घरी क्लॅव्हिकॉर्डवर हात बसवत. त्याचा आवाज जेमतेम खोलीपुरता. त्यामुळे हेडफोनमध्ये ऐकायची मुकी गिटार हे आजच्या फ्लॅट-संस्कृतीचं खूळ आहे, असं म्हणता येत नाही.

असं वाद्य प्रवासातही न्यायचं, तर ते लहान करताना कशाला कात्री लावायची, हा मात्र कळीचा प्रश्न आहे. अभिजात गिटारची तार मेंढीपासून (नटपासून) घोडीपर्यंत साधारण ६५० मिलिमीटर असते. ती ५८० केली तर गिटार सहज उचलता येते, पण पहिले चार पडदे मिळून जवळजवळ दीड सेंटिमीटरने आखडतात. करंगळीला तेवढी सवलत मिळाली, की मोठ्या गिटारवर ती हमखास चुकते. यामाहाची मुकी गिटार एसएलजी२००एन उलट वाटेने जाते: ६५० कायम, मेंढीची रुंदी ५० मिलिमीटर, तारा नायलॉनच्याच, गेला तो पोकळ खोका. त्याच्या जागी नुसती चौकट, तीही पिशवीत भरताना एका बाजूने सुटणारी. रियाज बोटांचा असेल, तर हीच काटछाट शहाणपणाची.

यावर जाणकाराचा आक्षेप असा, की खोका नाही तिथे सूर कसला? आक्षेप खरा आहे. आंतोनियो दे तोर्रेसने १८६२ साली पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या करून गिटार बनवली, पण वरची फळी लाकडाचीच ठेवली. गिटार बोलते ती त्या फळीमुळे, हे त्याला दाखवायचं होतं. मुक्या गिटारमध्ये नेमकी तीच नाही. फळी हलवण्यात तारेची शक्ती खर्ची पडत नाही, म्हणून स्वर लांबतो आणि दोन स्वरांमधली फट आपोआप झाकली जाते. हेडफोनमध्ये कृत्रिम घुमारा मिसळला की उरलेसुरले दोषही लपतात. नखाचा कोन किंचित बदलल्यावर आवाज कसा उजळतो, हे अशा वाद्यावर पुरतं शिकता येत नाही.

पण यातून निघतं ते एवढंच, की हे वाद्य एकट्याने पुरेसं नाही. ते निरुपयोगी आहे असं नव्हे. जागा बदलणं, बोटांचा क्रम, पाठांतर, लय यांतच रियाजाचे बहुतेक तास जातात आणि त्यांना फळी लागत नाही. घुमारा बंद ठेवावा, म्हणजे जाड तारांवर बोट घासल्याची करकरसुद्धा स्पष्ट ऐकू येते आणि हात सुधारता येतो. सुराचं काम मात्र लाकडी गिटारवरच व्हायला हवं. दोन्ही वाद्यांवरची अंतरं एकच असली, तर तिथे गेल्यावर बोटांना पडदे नव्याने शोधावे लागत नाहीत आणि सगळं लक्ष सुराकडे देता येतं.